तिच्या वाट्याचं पाणी

आमच्या गाडीला पुढं दोनच सीटा. एक माझी, एक तिची. मागच्या सीटा मी पहिल्याच महिन्यात काढून टाकल्या, कारण मागं माल ठेवायचा असतो. माल म्हणजे कासरे, दावी, वेसणी, घुंगरमाळा आणि बैलाच्या शिंगांना बांधायचे रंगीत गोंडे. जनावरांच्या बाजारात ताडपत्री अंथरून आम्ही नवरा-बायको हाच माल विकत आलो. दोरखंडाचं सगळं माझ्याकडं, गोंडे तिच्या हातचे. राहात्याहून पहाटे निघायचं आणि घोडेगावच्या बाजारात उजाडता उजाडता जागा धरायची. गाडी म्हणजे जुनी पेट्रोलची व्हॅन, इंजिन आमच्या बुडाखाली. उन्हाळ्यात नुसतं भाजून निघायचं, तरी ती सीटवर मांडी घालून बसायची आणि रस्ताभर गोंडे करत यायची.

तीन वर्षांपूर्वी ती पुण्याला मुलाकडं गेली. सुनेला आई नाही, म्हणून बाळंतपण आपणच करायचं असं ठरलं. दोन-तीन महिन्यांसाठी गेली होती. मग सून कामावर जायला लागली, मग पोराला सांभाळणार कोण? राहिली. नंतर दोनदा तिचं परत यायचं ठरलं आणि दोनदा हुकलं. एकदा नातवाला ताप, एकदा सुनेचं ऑपरेशन. कुणाचाच दोष नाही. पण दोष नसला म्हणून घरात माणूस येतं असं थोडंच आहे?

एका माणसाचा स्वयंपाक ही जगातली सगळ्यात बेकार गोष्ट. भाकरी एक थापली तर पुरत नाही, दोन थापल्या तर दुसरी सकाळपर्यंत माझं तोंड बघत बसते. संध्याकाळी टीव्ही लावायचो तो आवाजासाठी. शेजारपाजारच्यांनी विचारलं, कसं काय चाललंय, की माझं उत्तर ठरलेलं, ‘एकदम मजेत. डोक्याला कटकट न्हाई.’ असं म्हणून मी दार लावून घ्यायचो. मी मुलखाचा हेकट माणूस. आपलं रडगाणं लोकांपुढं गायचं नाही, आणि बायकोपुढं तर मुळीच नाही, असा माझा बाणा. त्या बाण्यानं काय दिवे लावले ते पुढं येईलच.

तिसऱ्यांदा मात्र सगळं पक्कं झालं. दिवाळी होऊन गेली होती. नातवाला पाळणाघरात जागा मिळाली, सोमवारपासून तो तिथं जाणार होता. म्हणजे रविवारी तिला मोकळीक. मुलगा फोनवर म्हणाला, ‘अण्णा, मी कारनं आणून सोडतो आईला.’

‘आणून सोडायला ती काय पार्सल हाय?’ मी म्हणालो. ‘मी येतो गाडी घेऊन. रविवारी दुपारी दारात असेन.’

तिला बस लागते. बसमध्ये बसली की दहा मिनिटांत ओकाऱ्या सुरू. काचा बंद करून एसी लावलेल्या कारमध्येही तेच. आमच्या व्हॅनमध्ये कधीच काही झालं नाही. ती म्हणायची, आपल्या गाडीला वारं हाय. त्यामुळं तिला आणायचं तर याच गाडीनं, हे माझ्या डोक्यात कोरलेलं. त्या रविवारासाठी मी घर सारवावं तसं गाडी आतून-बाहेरून पुसून काढली. मुंग्याही झटकल्या. गेली दोन-तीन वर्षं गाडीत मुंग्या लई झाल्या होत्या, तिच्या बाजूच्या दारातून ओळीनं वर चढायच्या. बिस्किटाचा चुरा पडत असेल म्हणून मी गाडीत बिस्किटं खाणं बंद केलं. मुंग्या काही गेल्या नाहीत.

रविवारच्या आधीचा शुक्रवार घोडेगावच्या बाजाराचा. दुपारी बाजार उठला, मी माल भरला, चावी फिरवली. स्टार्टर गरगर फिरतोय, इंजिन काही धरेना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. पेट्रोल आहे, बॅटरी आहे, मग हिच्या अंगात काय आलं? पाच-पंचवीस वेळा फिरवून बॅटरीही संपवली आणि तोंडातून दोन-चार फुलं बाहेर पडली. शेजारी म्हशींचा टेम्पो उभा होता. टेम्पोवाला म्हणाला, ‘मी नगरकडंच चाललोय. भिंगारला एक जण हाय, गाडीच्या वायरींचं लई बारीक काम करतो. वडत नेतो तुमाला.’ मग माझ्याच मालातला नवा जाड दोर काढला, दुहेरी केला आणि त्याच्या टेम्पोला माझी गाडी बांधली. आयुष्यभर लोकांच्या जनावरांना दावी विकली, त्या दिवशी माझ्याच गाडीला दावं लागलं. टेम्पोवाला खदाखदा हसला. मी नाही हसलो. माझ्या डोक्यात रविवार होता.

भिंगारचा तो माणूस पूर्वी लष्करी छावणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होता. रिटायर झाल्यावर घराच्या पुढच्या पत्र्याखाली त्यानं स्वतःचं काम मांडलेलं. स्वच्छ शर्ट, खिशात दोन पेनं, कानावर चष्म्याची दोरी. आत भिंतीवर चर्चचं कॅलेंडर. मी त्याला आधीच सांगून टाकलं, ‘हे बघा, परवा मला पुण्याला जायचं हाय. बायकोला आणायचं हाय. तेवढं जमवा.’

‘बघू या, दादा,’ तो म्हणाला. घाईच्या माणसाला हा शब्द विषासारखा लागतो.

त्यानं बॅटरी बदलली, चावी नुसती चालू केली आणि मला समोरच्या काट्यांकडं बघायला सांगितलं. ‘इथं इंजिनचा पिवळा दिवा लागतो. रोज बघता ना?’ मी कशाला बघतोय? ‘तो लागत नाही. म्हणजे गाडीचं डोकं झोपलंय.’ मग फ्यूज बघितले, वायरी बघितल्या, एक छोटं यंत्र गाडीला जोडलं. त्या यंत्राशी गाडीचा कॉम्प्युटर बोलतो म्हणे. आमचा बोलेना. तो म्हणाला, ‘करंट जातोय, पण पलीकडून जबाब नाही. कॉम्प्युटर गेला, दादा.’

‘या डबड्यात कॉम्प्युटर हाय?’

‘सगळ्यांत असतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं तोच ठरवतो.’

मी म्हणालो, पंधरा वर्षं मी गाडी चालवतोय आणि ठरवत होता तो? माणसानं दाद दिली नाही. तो डाव्या बाजूनं आत शिरला, तिच्या सीटपुढचा खण उतरवला आणि त्याच्या मागून जेवणाच्या डब्याएवढी एक चपटी पेटी काढली. तोवर दिवस मावळला होता. सकाळी उघडू म्हणाला. मी गाडीतच मागं माल सरकवून आडवा झालो.

शनिवारी सकाळी त्यानं पेटीचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत हिरवट पट्टी होती, तिच्यावर किड्यांसारखे बारीक बारीक काळे पार्ट चिकटवलेले, आणि त्या सगळ्यावर मेलेल्या मुंग्या. एक-दोन नाही, मूठभर. एका कोपऱ्यात मोरचुदासारखा हिरवा-निळा गंज चढलेला. त्यानं बोट लावलं, बोट चिकटलं.

‘आत पाणी जात होतं. बरीच वर्षं.’

‘पावसाचं असंल.’

त्यानं बोट नाकाशी नेलं. ‘पावसाच्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत, दादा. हे गोड आहे. तुम्ही इथं वरून काही ओतता का?’

मला सगळं कळलं होतं. ‘न्हाई बुवा,’ मी म्हणालो आणि चहा आणायच्या निमित्तानं रस्त्यावर आलो.

दर अमावास्येला आम्ही गाडीपुढं नारळ फोडायचो. फोडायची ती. चाकापुढच्या दगडावर एका घावात फोडायची आणि पाणी सांडू न देता तांब्यात धरायची. एक थेंब डॅशबोर्डवरच्या देवाला. तो देव तिच्याच बाजूला चिकटवलेला. मग दोन पेले करायची, एक खिडकीतून मला, एक तिला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून पेला घशाखाली ओतायचो, पेला परत द्यायचो आणि गाडी सुरू करायचो. एवढंच. त्यात काही प्रेमाच्या गोष्टी नव्हत्या.

ती गेल्यावर पहिल्या अमावास्येला नारळ मीच फोडला. सवयीनं पेले दोन भरले. माझा प्यालो. दुसरा हातात धरून उभा राहिलो. प्रसादाचं पाणी फेकता येत नाही. पिता येईना. तुम्ही म्हणाल, एका पेल्याचं काय एवढं? मलाही तेच वाटत होतं. पण तिच्या वाट्याचं पाणी माझ्या घशाखाली जाईना, खरं सांगतो. मग मी तिच्या बाजूचं दार उघडलं आणि पेला देवापुढं, तिच्या सीटसमोर ओतला. फडक्यानं वरचं पुसून घेतलं. पुढच्या अमावास्येला पुन्हा तसंच. मग तो नेमच झाला. वरचं मी पुसायचो, आणि देवाखालच्या फटीतून खाली किती उतरत होतं ते मला काय माहीत! खाली गाडीचं डोकं बसलंय हे मला कोण सांगणार होतं?

चहा घेऊन परत आलो तेव्हा तो पट्टीला स्पिरिट लावून दात घासायच्या ब्रशनं घासत होता. मी म्हणालो, ‘नारळाचं पाणी हुतं.’ त्यानं वर बघितलं, मान हलवली आणि पुन्हा घासायला लागला. का ओतलं, कशासाठी, असलं काही त्यानं विचारलं नाही. त्याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

दुपारी घासलेली पट्टी बसवली. पिवळा दिवा लागला! गाडी सुरू झाली, मिनिटभर अंगात कापरं भरल्यासारखी हलली आणि बंद पडली. मग काही केल्या उठेना. दुसरा कॉम्प्युटर घालण्यावाचून इलाज नव्हता. जुन्या गाडीला नवा मिळत नाही, भंगारात निघालेल्या गाडीचा शोधावा लागतो, आणि पेटीवरचा नंबर अक्षरासकट जुळावा लागतो. नगरच्या भंगारवाल्याकडं एक सापडला. हातात घेतला तर शेवटची दोन अक्षरं वेगळी, तो गॅसवरच्या गाडीचा. मी म्हणालो, बसवा, काय होईल ते होईल. मेकॅनिक म्हणाला, ‘बसवतो आणि घाटात बंद पडली तर? वहिनी असतील शेजारी.’ मी पेटी भंगारवाल्याला परत दिली. शेवटी पुण्याच्या एका भंगारवाल्याकडं बरोबर नंबराचा निघाला. पण रविवारी त्याचं दुकान बंद. सोमवारी सकाळी नगरला येणाऱ्या बसमध्ये ठेवतो म्हणाला.

‘दादा,’ मेकॅनिक म्हणाला, ‘तुम्ही बसनं जा आणि वहिनींना घेऊन या. गाडी काय, मागाहून होईल.’

‘तिला बस लागते.’

‘मग त्यांनाच विचारून बघा.’

विचारायचं काय त्यात? मी मुलाला फोन लावला, गाडी बिघडली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘अण्णा, मग मी उद्या गाडी बोलावून आईला पाठवतो ना.’ माझं टाळकंच सरकलं. मी ओरडलो, ‘पाठवायचं न्हाई कुनी. मी येनार म्हनलं ना? मंगळवारी येतो.’

रविवारी सकाळी छावणीत बिगुल वाजला तेव्हा मी जागाच होतो. मेकॅनिकनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं की उद्या उपासना, उद्या कामाला हात लावणार नाही. नवरा-बायको इस्त्रीचे कपडे घालून निघाले. त्याच्या बायकोनं माझ्यासाठी डबा भरून ठेवला होता. फाटकापाशी ती थांबली आणि म्हणाली, ‘अहो, चष्मा.’ त्यानं कपाळावर हात मारला, आत गेला, चष्मा घेऊन आला. दोघं गेली. साधं ‘अहो, चष्मा’, बाकी एक शब्द नाही. मला एवढा हेवा वाटला की स्वतःचीच लाज वाटली. माझा चष्मा तीन वर्षांत किती वेळा घरी राहिला असेल!

त्या दिवशी मी दुपारी पुण्यात असायला हवा होतो, आणि बसलो होतो भिंगारच्या एका बोळात, डोकं काढलेल्या गाडीत. आपल्या सीटवर बसून कंटाळा आला म्हणून पलीकडं सरकलो. तिच्या सीटवर मी तीन वर्षांत एकदाही बसलो नव्हतो. तिथं मी काही ठेवतही नसे, माल नाही, पिशवी नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. बसलो तर काय, समोर देवाच्या चित्राखालून पिवळट डागाचा एक ओघळ खाली फटीत गेलेला. माझ्या सीटवरून तो कधी दिसलाच नव्हता. उतरवलेला खण पायाशी पडला होता. त्याच्या आतल्या बाजूला एक सुई टोचलेली, सुईत वीतभर लाल लोकर. गोंडा करता करता टोचून ठेवली असेल आणि विसरली असेल. मी ती सुई काढली नाही. तिला फोन लावला.

‘अगं, गाडी अजून व्हायची हाय.’

‘कळलं. पोरगा बोलला. काय बिघडलं?’

‘कॉम्प्युटर गेला. पानी गेलं त्यात.’

‘आता कसलं पानी? पाऊस तर न्हाई.’

‘नारळाचं.’

‘तुमी अजून नारळ फोडता?’

‘दर अवसंला.’

‘आन् पानी गाडीत वतता? का?’

‘माझं मी पितो. तुजं राहतं. तुजं तुज्या बाजूला वततो.’

पलीकडं नातू काहीतरी आपटत होता. मग ती म्हणाली, ‘तीन वर्सं?’

‘मग काय करू? फेकून देऊ?’ माझा आवाज चढला. चोरी पकडली की माझा आवाज चढतोच.

‘सगळंच पिऊन टाकायचं की.’

‘तुज्या वाट्याचं मी कशाला पिऊ?’

‘आवं, मग मला सांगायचं न्हाई का?’

‘काय सांगायचं?’

‘हेच.’

आता इथं मला बोलायचं होतं. घशाशी आलं होतं. तू नाहीस तर मला जेवण जात नाही, टीव्ही आवाजासाठी लावतो, बाजारात गिऱ्हाईक विचारतं मावशी कुठाय आणि मी दोराला गाठी मारत बसतो. हे सगळं घशाशी आलं, आणि मी म्हणालो काय, तर ‘त्यात सांगन्यासारखं काय हाय? मंगळवारी येतो गाडी घेऊन. तयार राहा.’

‘मी तर आजच तयार हाय,’ ती म्हणाली.

मला वाटलं टोमणा मारतीय. तुम्हीच उशीर केलात, असं सुनावतीय. ‘मंगळवारी म्हनलं ना!’ म्हणून मी फोन ठेवून दिला.

सोमवारी दुपारी माळीवाड्याच्या स्टँडवरून मेकॅनिक पेटी घेऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळी बांधलेली. पुण्याहून बसनं आली होती, चार तासांत, बिनबोभाट. ते बघून माझ्या मनात काहीतरी चुकचुकलं, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यानं नंबर दोनदा ताडून बघितला, पेटी बसवली आणि वरच्या फटीला आतून रबराची पट्टी चिकटवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पण कधी भरभर, कधी बसत चाललेली.

‘याला त्याच्या आधीच्या गाडीची सवय आहे,’ तो म्हणाला. ‘तुमची गाडी कशी चालते हे त्याला शिकायला वेळ लागेल. शंभरेक किलोमीटर चालवा, बसेल. आणि दादा, आता वरून काही ओतू नका.’

मंगळवारी सकाळी मी पुण्याकडं निघालो. सुप्यापर्यंत गाडी आचके देत होती. शिरूर मागं पडेपर्यंत सुतासारखी सरळ झाली. मी गाणं गुणगुणत होतो हे मला रांजणगावला कळलं. काच खाली केली होती, वारं येत होतं, शेजारची सीट पुन्हा एकदा पुसली होती.

मुलाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दार तिनंच उघडलं. कडेवर नातू, पदर खोचलेला. मी आधी तिच्या पायाशी बघितलं, सामान कुठंय म्हणून. तिची बाजाराची मोठी पिशवी दिसली, पण माळ्यावर, घडी करून.

मुलानं सांगितलं. त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. ‘अण्णा, रविवारी आई जाणार म्हणून सोमवारपासून याला पाळणाघरात ठेवायचं होतं. तुम्ही मंगळवार म्हणालात. दोनदा ठरून राहिलं होतं, मंगळवारचं तरी काय खरं, असं आम्हाला वाटलं. सोमवारी सकाळी पाळणाघराच्या बाईंचा फोन आला, आज मूल आणताय की जागा दुसऱ्याला देऊ? आईच म्हणाली, द्या दुसऱ्याला. आता जूनमध्ये शाळेतच घालू. तुम्हाला कळवणार होतो, तर म्हणाली, येऊ दे त्यांना.’

‘रविवारी पाठवतो म्हनलास ना? मग का न्हाई पाठवलीस?’ मी त्याच्यावरच घसरलो. स्वतः नको म्हणालो होतो हे विसरून.

तो शांतपणे म्हणाला, ‘आई पिशवी भरून दारात बसली होती, अण्णा. मी गाडी बोलावतो म्हटलं. ती म्हणाली, थांब, त्यांचा फोन येईल. नुसतं ये म्हणाले तर मी आत्ता निघते. गाडी कशाला, बसनं जाते. ओकत ओकत जाते. मग तुमचा फोन आला.’

मी तिच्याकडं बघितलं. ती नातवाच्या तोंडाला लागलेला वरणभात पुसत होती. आजच तयार आहे, हे ती खरं सांगत होती. सरळ, साधं. आणि मी तिच्यावर फोन आपटला होता.

मी जेवलो. तिच्या हातचं तीन वर्षांनी समोर बसून जेवलो आणि चव कळली नाही. निघताना ती नातवाला घेऊन खाली आली, गाडीत आपल्या सीटवर बसली, मांडी घातली. ‘आवाज बदललाय हिचा,’ म्हणाली.

‘डोकं दुसरं हाय.’

तिनं खण उघडला. सुई तिथंच होती. ती बघून हसली, मग हसायची थांबली. तिनं एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत गोंडे. लाल, हिरवे, पिवळे, शे-दीडशे तरी असतील. तिसऱ्या मजल्यावर, पोर झोपलं की बसून केलेले. त्या सोसायटीत बैल सोडा, शेळीसुद्धा नाही. ‘बाजारात ठेवा,’ ती म्हणाली. मग खाली उतरली आणि मी गाडी काढली. आरशात बघितलं नाही. बघितलं असतं तर गाडी पुढं गेलीच नसती.

त्यानंतरच्या अमावास्येला सकाळी मी नारळ घेतला, चाकापुढच्या दगडावर फोडला, पाणी तांब्यात धरलं. देवाला बोट ओलं करून लावलं, तेवढंच. पेले दोन भरले. माझा प्यालो. दुसरा हातात घेतला आणि पुन्हा तेच, तीन वर्षांपूर्वीचंच. गाडीत ओतायची सोय राहिली नव्हती. फेकायचा नव्हता. पिता येत नव्हता. अंगणात एकटा माणूस पेला धरून उभा, कुणी बघितलं असतं तर वेडा म्हणालं असतं.

मी फोन लावला.

‘नारळ फोडला,’ मी म्हणालो.

‘पानी?’

‘माझं प्यालो. तुजं हातात हाय.’

‘प्या की.’

‘न्हाई जात.’ आणि मग ते आपोआपच बाहेर पडलं. ‘तू ये गं. मला न्हाई करमत. लई एकटं वाटतं. तू ये.’

तिचा श्वास ऐकू येत होता. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

‘जूनमधी येते,’ ती म्हणाली. ‘आता पोराला कुठं ठिवू?’

‘व्हय,’ मी म्हणालो. तिचं बरोबर होतं.

‘गाडी बिघडली तरी येते. बसनं येते.’

‘व्हय.’

‘ते पानी प्या आता. मी म्हनते म्हनून प्या.’

मी अंगणातल्या दगडावर बसलो, फोन कानाला लावला आणि पेला तोंडाला. हळूहळू प्यालो, घोट घोट. पेला रिकामा होईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.